फाळक्यावरची थाप

१

सकाळी कन्हेरीतून मोटारसायकलला किक मारायची आणि इंदापूरच्या पलीकडच्या माळावर जाऊन उतरायचं, हा रणजितचा रोजचा धंदा होऊन बसला होता. रस्ता लांबचा, आणि त्याची कंबर आधीच गेलेली. सोमेश्वरनगरच्या बाजूला ऊस वाहून गेली होती ती. ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या जोडायच्या, फडातून कारखान्यावर जायचं, वजनकाट्यापुढच्या रांगेत रात्र काढायची आणि पुन्हा फडात. हंगाम लागला की घर दिसायचं नाही.

त्याची मुलगी संस्कृती बोलायला शिकली ती फोनवर. एकदा मधेच सुट्टी मिळाली म्हणून तो घरी आला, तर पोरगी आईच्या मागं लपली. तेवढ्यात शेजारच्या खोलीत फोन वाजला. पोरगी "बाबा, बाबा" करत फोनकडं पळाली. बाबा दारात उभा, आणि ती पळतेय फोनकडं. रणजित तसाच उंबऱ्यावर बसला. रेश्मानं, त्याच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

त्या दिवशी त्यानं ठरवलं, आता पुरे.

बारामतीजवळच्या एका डेअरीत दुधाच्या टँकरवर माणूस पाहिजे होता. सकाळी निघायचं, गावोगावचं दूध गोळा करायचं, डेअरीत लावायचं आणि दिवेलागणीला घरी. मॅनेजर भला माणूस होता. म्हणाला, "हेवीचं लायसन घेऊन ये, गाडी तुझी. दिवाळीपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं मात्र मला दुसरा बघावा लागंल बाबा."

म्हणून इंदापूर. म्हणून हा माळ, आणि माळावरचे सावळाराम तात्या.

२

तात्यांची मोटार ट्रेनिंगची शाळा म्हणजे एक पत्र्याची खोली, एक लिंबाचं झाड आणि एक जुना ट्रक. ट्रकचा रंग कधी काळी निळा असावा. माळावर डांबराची रिकामी पिंपं दोन ओळीत मांडलेली, आणि त्यांच्या शेवटाला मातीचा बांध. पिंपांच्या मधून गाडी उलटी घ्यायची आणि बांधाच्या अलीकडं थांबवायची, हाच खरा धडा. पुढं काय, कुणीही चालवतंय.

शिकायला दोघंच होती. रणजित आणि पणदऱ्याची ज्योत्स्ना. पोरगी विशीतली, वडील शाळेत शिक्षक, हिला एसटीची ड्रायव्हर व्हायचं होतं. तोंडाची फटकळ, पण मनानं मोकळी.

तात्यांची शिकवायची रीत जुनी. पहिल्याच दिवशी त्यांनी रणजितला गाडीच्या मागं नेलं. ट्रकच्या मागच्या बाजूला जो लोखंडी पल्ला असतो, माल उतरवताना खाली पाडतात तो, त्याला फाळका म्हणतात. तात्यांनी त्या फाळक्याच्या डाव्या कोपऱ्यावर हात ठेवला.

"क्लीनर हितं उभा ऱ्हातो. दोन थापा मारल्या, येऊ दे. एक मारली, थांब. समजलं का?"

"समजलं तात्या. ट्रॉलीलाबी आमी तसंच करतो."

"मग अजून एक ध्यानात धर. थाप आली की इचार करायचा न्हाय. डोक्यानं ऐकलंस तर उशीर झाला. पायानं ऐकायचं."

"आणि आरसे कशाला दिलेत मग?" ज्योत्स्नानं विचारलं.

"केस इंचरायला," तात्या म्हणाले.

ती हसली. तात्या हसले नाहीत. त्यांचा चेहरा दमलेल्या माणसाचा होता. त्यांची झोप काल-परवाची राहिलेली नव्हती, फार मागची राहून गेलेली होती. थापा मारायचे तेव्हाही कसे, हात वर उचलायचे, जरा थांबायचे, मग हळूच टाकायचे. रणजितला कॅबिनमध्ये तो आवाज यायचा. धप धप. मग पुन्हा धप धप. मग एक धप, आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर.

आठवड्यात त्याचा हात बसला. पिंप एकही पडेना. ज्योत्स्ना मात्र आरशात बघत राहायची, तात्यांचं ओरडणं खायची आणि पिंपं पाडायची.

३

एक दिवस दुपारच्या वेळी रणजित गाडी उलटी घेत होता. ऊन मी म्हणत होतं. खिडकीचा पत्रा हाताला भाजत होता. मागून धप धप आलं, त्यानं क्लच सोडला. धप धप. पिंपांची ओळ सरकत पुढं गेली. धप धप. मग एक. तो थांबला.

अंगातला सदरा पाठीला चिकटला होता. इंजिन बंद करून तो खाली उतरला. मागं येऊन बघतो तर फाळका आणि बांध यांच्यात पंजाभर अंतर. यापेक्षा बरोबर कुणी थांबवू शकला नसता.

"जमलं का तात्या?" तो म्हणाला.

मागं कुणी नव्हतं.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. झाडाखाली कुणी नाही, खोलीला कडी. लांब, रस्त्याच्या कडेच्या टपरीवर तात्या चहाचा ग्लास धरून उभे होते आणि ज्योत्स्ना त्यांना हातवारे करून काहीतरी सांगत होती. तिथून इथवर चालत यायला माणसाला चांगला वेळ लागला असता.

दोघं आल्यावर त्यानं विचारलं, "तात्या, तुमी केव्हा गेला चहाला?"

"तू गाडीत चढलास तवाच की."

"मग थाप कुणी मारली?"

तात्यांनी गाडीकडं पाहिलं. बांधाकडं पाहिलं. "थांबलास का न्हाय?"

"थांबलो."

"मग झालं की," ते म्हणाले, आणि चाकाला लावायचा दगड आणायला गेले.

४

रणजित काही भोळा माणूस नव्हता. कारखान्याच्या रांगेत रात्री काढलेल्या माणसाला आवाजांची सवय असते. पत्रा तापला की वाजतो, निवला की वाजतो. फाळक्याला साखळी असते, ती सैल असली की आपटते. गाडी उलटी घेताना खड्ड्यात चाक गेलं की ट्रकचा मागचा हौदा अंग टाकतो. त्यानं मनाशी हे सगळं मांडलं आणि त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरून पोत्याची चिंधी आणली आणि साखळी करकचून बांधली. ज्योत्स्ना कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काय दादा, गाडीला गंडा बांधताय का?"

"साखळी वाजती."

"मला तर कधी वाजलेली ऐकू आली न्हाय."

"तुला मागनं थाप ऐकू येती का? तात्या न्हाईत तवा?"

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. थट्टा करतोय का, ते बघितलं. मग म्हणाली, "तात्या असले तरी मी ऐकत न्हाय, मी आरशात बघते. आणि कुणी फुकट मदत करत असंल तर जरा माझ्याबी वाटंला पाठवा. काल पुन्हा दोन पिंपं पडली माझी."

त्या दिवशी रणजितनं तात्यांना सांगितलं, तुमी झाडाखालीच बसा, मी एकटा घेतो. तात्या बसले. त्यानं गाडी रिव्हर्सला टाकली. पाय क्लचवर. वाट बघत बसला.

धप धप.

साखळीचा आवाज असा नसतो. तळहाताचं मांस पत्र्यावर पडतं त्याचा आवाज मऊ असतो, आणि त्याच्या मागून पत्रा जरा घुमतो. ज्याची उमर गाडीवर गेली त्याला हा फरक समजून घ्यावा लागत नाही. रणजितच्या मानेवर काटा आला. पण पायानं क्लच सोडला होता. गाडी निघाली होती. पुढं एक थाप आली आणि गाडी थांबली, बांधापासून पंजाभर.

तो उतरला नाही. तसाच स्टेअरिंगला हात लावून बसला. आरशात बघावं असं वाटलं, आणि बघितलं नाही.

घरी जाताना तो मोटारसायकल हातानं ढकलत निघाला, आणि ज्योत्स्ना त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आली. तिथून तिची बस असायची.

"दादा, एक इचारू? तात्यांना कधी गाडी उलटी घेताना बघितलंय तुमी?"

रणजितनं आठवून पाहिलं.

"मी रोज बघते," ती म्हणाली. "माळावर गाडी फिरवायची म्हटलं की सगळ्या माळाला वेढा घालून येतात. परवा त्या बोळात ट्रॉली आडवी लागली व्हती, चार पावलं मागं घेतली असती तरी बाजूनं निघता आलं असतं. तात्यांनी इंजिन बंद केलं आणि बसून ऱ्हायले. ट्रॉलीवाल्यानं माल उतरवला, जेवला, तवा कुठं निघालो."

"वय झालंय त्यांचं."

"आणि त्यो दगड? चाकामागं दगड लावायला आपल्याला हात लावू देत न्हाईत. स्वतः जाऊन बसतात चाकामागं. मी मोजलं न्हाय, पण लई वेळ बसतात हो. दगड लावायला काय लागतंय?"

बस आली. ती चढली. रणजित तिथंच उभा राहून माळाकडं बघत राहिला. लांबवर ट्रक दिसत होता. मागच्या चाकाजवळ तात्या उकिडवे बसले होते, कुणाच्या तरी बोलण्याला कान देऊन बसावं तसे.

५

आठवड्याची झाडलोट रणजितकडं होती. केरसुणी घेऊन तो हौद्यात चढला. शिकवणीची गाडी झाल्यापासून तिच्यात माल कधी भरलेला नाही. आत नुसती माळाची बारीक माती साचलेली, पिठासारखी. तो कॅबिनच्या बाजूनं झाडत मागं आला आणि फाळक्यापाशी थांबला.

फाळक्याच्या आतल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, पंजे उमटले होते.

एकावर एक, एकावर एक. जिथं हात पडून पडून धूळ निघून गेली होती तिथं पत्रा चकचकीत झाला होता. बाहेरच्या बाजूला जिथं तात्या थापा मारायचे तिथंही खुणा होत्या, त्याचं काही नाही. पण ह्या आतून होत्या. रणजितनं आपला पंजा त्याच्यावर धरून पाहिला, टेकवला नाही. त्याच्या हातापेक्षा बोटं जरा लांब होती आणि तळवा अरुंद.

मग त्यानं खाली पाहिलं. जिथवर झाडायचं राहिलं होतं तिथवर माती तशीच होती, एकसारखी. तिच्यात पाऊल उमटलेलं नव्हतं. कुणाचंच.

पूर्वी कधी मजूर आत उभे राहिले असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग धूळ का नाही बसली त्याच्यावर? बसली असेल आणि वाऱ्यानं गेली असेल. वारा फक्त तेवढ्याच जागेवर कसा लागला? इथं त्याचं डोकं थकलं. त्यानं भराभरा सगळं झाडून काढलं, ओल्या फडक्यानं फाळकाही पुसला, आणि खाली उडी मारली. कंबरेत कळ आली.

तात्या खोलीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होते.

"तात्या, तुमच्या गाडीवर क्लीनर कोण व्हता?"

तात्यांचा अंगठा तळहातावर थांबला.

"व्हता एक."

"कसा व्हता?"

"चांगला व्हता. त्याची थाप कधी चुकली न्हाय." त्यांनी तंबाखू तशीच हातात धरली. "त्याच्याकडनं कधीच काय चुकलं न्हाय."

"मग आता कुठं असतो?"

तात्यांनी हातातली तंबाखू झटकून टाकली. उठताना तात्यांनीच विचारलं, "फाळका आतनं पुसलास का?"

"व्हय."

"बरं केलंस. आता पुन्हा पुसू नगस."

६

रणजितच्या मनात आलं, सोडून द्यावं. पण दिवाळी जवळ आली होती. मॅनेजरचा एकदा फोन येऊन गेला होता. आणि घरी संस्कृती आता रोज विचारायची, "बाबा, तुमी रोज घरी येणार ना?" तिला सवय लागली होती. संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला की ती दारात यायची. पुन्हा उसाच्या रांगेत जाऊन फोनमधला बाबा व्हायचं, हे काही त्याच्यानं होणार नव्हतं. थाप तर थाप. आजवर तिनं चुकीचं काही सांगितलं नव्हतं.

हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याला त्याचंच आश्चर्य वाटलं. आपण तिच्यावर भरवसा ठेवायला लागलो.

टेस्ट बारामतीला होती. तात्यांनी ट्रक नेला, पुढं पुढं, कुठंही मागं न घेता. सगळ्यांचे नंबर लागत लागत दुपार कलली. आरटीओच्या साहेबांनी आधीच बजावलं, "गाडीच्या मागं कुणी उभं राहायचं नाही. इशारे करायचे नाहीत. जो चालवतोय त्यानं स्वतः बघायचं."

रणजित चढला. साहेब शेजारी बसले. पुढचं सगळं नीट झालं. मग त्यानं गाडी रिव्हर्सला टाकली आणि पाय क्लचवर धरून थांबला.

काही आलं नाही.

"चला," साहेब म्हणाले.

मागं नुसती शांतता. त्याच्या पायाला काही सुचेना. शेवटी ज्योत्स्नाचं आठवलं आणि त्यानं आरशात पाहिलं. आधी डाव्या, मग उजव्या. पांढऱ्या रेघा दिसत होत्या. तो रेघा बघत बघत, अंगाला घाम सुटलेला, गाडी मागं घेत गेला आणि आपल्या मनानं थांबला.

साहेबांनी वाकून खाली पाहिलं. "ठीक आहे. मान इतकी आखडून कशाला धरता? पास."

ज्योत्स्नाची गाडी मात्र चढावर बंद पडली. ती उतरली तेव्हा डोळ्यात पाणी होतं, पण तोंड चालूच होतं. "आरशात बघायचं मी शिकवलं, आणि पास झालं कोण? पेढे तरी द्या दादा." तिला पुन्हा यायला सांगितलं होतं. तिनं तिथूनच पणदऱ्याची बस धरली.

रणजितनं घरी फोन लावला. "झालं," एवढंच म्हणाला. पलीकडं रेश्मानं फोन पोरीकडं दिला.

७

रणजितची मोटारसायकल माळावर होती, म्हणून ट्रक त्यानंच परत नेला. तात्या शेजारी बसले होते. वाटेत उसाचे फड, कॅनॉलचं पाणी, उतरतं ऊन. रणजितला वाटलं, म्हाताऱ्याला झोप लागली. बघितलं तर डोळे उघडे होते.

माळावर पोचले तेव्हा सूर्य बांधाला टेकला होता.

"बांधाकडं तोंड करून लावू?" रणजितनं विचारलं.

"नगं. उलटी लाव. पिंपांच्या मधनं," तात्या म्हणाले. "आता लायसनवाला झालास तू. एकदा आपल्या रीतीनं घे."

ते उतरले. दाराला धरून जरा उभे राहिले. म्हणाले, "पोरगी घरी वाट बघत आसंल न्हाय तुझी?"

"व्हय. ती आता रोज दारात येती."

"चांगलं हाय. चांगलं हाय ते," तात्या म्हणाले, आणि दगड उचलून गाडीच्या मागं गेले.

रणजितनं रिव्हर्स टाकला. दिवसभराचा शीण पायात उतरला होता. लायसन मिळालं होतं, घर डोळ्यांपुढं दिसत होतं, आणि डोकं हलकं झालं होतं. मागून आवाज आला. धप धप. नेहमीचाच. त्यानं क्लच सोडला.

धप धप. पिंपं सरकली.

धप धप. येऊ दे.

धप धप, धप धप.

आता एक यायला पाहिजे होती. ती आली नाही. दोनच आल्या, आणि पुन्हा दोन, जरा घाईनं. पाय ऐकत होता. पायाला आनंदच होता ऐकण्याचा. पण दुपारची, त्या पांढऱ्या रेघांची आठवण डोळ्यांना राहिली होती. त्याची नजर आपली आपण उजव्या आरशाकडं गेली.

आरशात मागचं चाक दिसत होतं. चाकाच्या पलीकडं जमिनीलगत तात्या एका अंगानं दिसत होते. ते उकिडवे बसले होते. दोन्ही हातांनी दगड मांडीवर धरला होता. दोन्ही हातांनी.

धप धप.

त्यानं डाव्या आरशात पाहिलं. फाळक्याच्या कोपऱ्यावर, आतून बाहेर आलेला, मनगटापर्यंतचा एक हात होता. त्यावर ऊन पडलं होतं. हात वर उचलला गेला, जरा थांबला, आणि हळूच खाली आला.

रणजितनं ब्रेक करकचून दाबला. गाडीनं आचका दिला आणि इंजिन बंद पडलं.

तो उतरला कसा, मागं गेला कसा, त्याला आठवत नाही. फाळक्यापाशी कुणी नव्हतं. तात्या चाकामागं होते तसेच होते. टायर त्यांच्या खांद्याला लागला होता, सदऱ्यावर मातीचा पट्टा उमटला होता. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"का थांबलास?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. ताटावरून अर्ध्यातून उठवलेल्या माणसासारखा होता.

"तात्या, उठा."

"दोन आल्या व्हत्या की. मीबी ऐकल्या." त्यांनी दगड खाली ठेवला. "इतकी वर्सं माझ्या कानात एकच वाजायची रे लेका. एकच. त्या दिवशी त्यानं एक मारली, मी उशिरा ऐकली, आणि त्यो चाकाखाली गेला. मला वाटलं, आज सुटलो."

रणजितनं त्यांच्या काखेत हात घालून उठवलं. म्हाताऱ्याला वजनच नव्हतं. पायरीवर बसवलं, पाणी दिलं. तात्या पाणी प्यायले, आणि मग पहिल्यांदाच त्याच्याकडं पूर्ण डोळ्यांनी बघत म्हणाले, "तू त्याचं ऐकलं न्हाईस. आरशात बघितलंस." त्यात शाबासकी नव्हती. कीव होती.

८

डेअरीतलं काम चांगलं लागलं. टँकर नवा, स्टेअरिंग हलकं. सकाळी गावं फिरायची, संध्याकाळी दूध उतरवायच्या ओट्याला गाडी उलटी लावायची आणि घरी. दिवाळीत संस्कृती त्याच्या मांडीवर बसून फराळ खात होती. रेश्माच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी तजेला आला. रणजितला वाटलं, माळ मागं राहिला.

दिवाळी झाल्यावर ज्योत्स्नाचा फोन आला. तिची शिकवणी अजून चालूच होती.

"दादा, एक गंमत सांगू? तात्या आठवड्यापासून गाडी उलटी घ्यायला लागलेत! सगळ्या माळभर. आरशात बघत न्हाईत, मागं कुणी उभं न्हाय, आणि हसतायत हो. मी त्यांना हसताना कधी बघितलंच नव्हतं. म्हणले, पोरी, आता कसं मोकळं वाटतंय. झोपतातबी म्हणं रात्री."

"बरं झालं," रणजित म्हणाला.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं टँकर ओट्याला लावला. मागं धोंडीबा म्हणून डेअरीचाच माणूस उभा असायचा, तो थापा मारायचा. रणजित मात्र आता दोन्ही आरशांत बघून गाडी घ्यायचा. धोंडीबा आरशात स्वच्छ दिसत होता, टोपी घातलेला, तोंडात पान. दोन थापा आल्या. मग दोन. मग एक, आणि तो थांबला.

उतरल्यावर धोंडीबा त्याच्याकडं बघून हसला.

"रणजितराव, तुमी पाठीमागनं बघताय का काय?"

"का?"

"मी थाप मारायला हात उचलला, तवर तुमी थांबलेला. आज काय पहिली खेप न्हाय. आठवडा झाला बघतोय. मी आपला हात वर धरून उभा." त्यानं पान थुंकलं. "पण थांबताय मात्र झकास. बघा की."

रणजित मागं गेला. टँकर आणि ओटा यांच्यात पंजाभर अंतर होतं.

खिशात फोन वाजला. रेश्मा होती. "आवो, शनिवारी शाळा लवकर सुटती. संस्कृती मागं लागलीय, बाबाची गाडी बघायची म्हणून. घेऊन येऊ का डेअरीवर? लांबून न्हाय, जवळून बघायचीय म्हणती."

टँकरला हौदा नसतो, फाळका नसतो. सगळं बंद, गोल, गुळगुळीत पोलाद, आणि आत दूध. ओट्याच्या उजेडात ते चकाकत होतं. डाव्या कोपऱ्यापाशी रणजितनं तळहात टेकला. पत्रा थंड होता. जरा वेळानं आतल्या बाजूनं, बरोबर त्याच्या हाताखाली, कुणीतरी हळूच एक थाप मारली.

"हॅलो? ऐकताय ना?" रेश्मा म्हणत होती. "येऊ का न्हाय?"